पिवळ्या भिंतीपुढचा पाठमोरा माणूस

न्हावीण हिसानो-सान आणि गाद्यांचे व्यापारी कुराता-सान दर वर्षी मार्चात एकाच दिवशी, एकाच गाडीनं, नटूनथटून सेंदाईला जातात. म्हणजे दोघांचं काहीतरी आहे, असं आमच्या गल्लीनं ठरवून टाकलं होतं. गरम झऱ्याच्या कुठल्या हॉटेलात उतरतात, तेही कुणीतरी सांगे. साफ खोटं! दोघं बसत वेगवेगळ्या डब्यांत, आणि बोलणं तर कधीचंच तुटलेलं. कुराता-सान केस कापायला पार शेजारच्या गावी जात. हिसानोच्या वस्तऱ्याखाली मान द्यायची छाती नव्हती.

भांडणाचं मूळ ओझेल टिब्ज, अमेरिकेतला एक दिवंगत ट्रम्पेटवाला. धंदा शिकत असताना, तरुणपणी, हिसानोनं त्याला सेंदाईच्या एका जॅझ कॅफेत ऐकलं. तिथं बोलायला बंदी. चमचा वाजला तरी लोक डोळे वटारत. त्यामुळे तिला रडूही आवाज न करता रडावं लागलं. काउंटरवर वाजत्या रेकॉर्डचं कव्हर उभं होतं : पिवळ्या भिंतीपुढे पाठमोरा माणूस. त्यानंतर तिनं टिब्जची एकेक रेकॉर्ड हुडकून आणली, नवरा गेला त्या वर्षीसुद्धा. फक्त तीच पिवळी मिळेना. कॅफेही बंद पडला. आणि कुराता-सानही टिब्जचेच वेडे; त्यांच्या कपाटातही नेमकी तेवढीच जागा रिकामी.

यंदा सेंदाईच्या मॉलच्या वरच्या मजल्यावर दर मार्चातली जुन्या रेकॉर्डची विक्री उघडली आणि सगळे सभ्यपणे धावले. हिसानो खोकी चाळत होती. बोटांखाली पिवळा रंग आला. तिनं डावा कोपरा धरला. उजव्या कोपऱ्यावर गाद्या शिवताना सुईनं टोचलेला एक अंगठा होता.

"सोडा," कुराता-सान म्हणाले.

"तुम्ही सोडा. कव्हर दुमडेल."

"तुमच्याच हातानं दुमडेल!"

विक्रेता कमरेत वाकत आला. हात दोघांचेही लागलेत, तेव्हा दगड-कागद-कात्री. एकच डाव.

कचरा ठेवायची जागा कुणी झाडायची, हे गल्लीत असंच ठरतं, आणि हिसानो हटकून दगड काढते. म्हणून सगळे कागद काढतात आणि झाडते ती. कुराता-साननं हे शंभरदा पाहिलेलं. बदलावं का? त्यांनी तेही ओळखलं तर? ते तिच्या मुठीकडे टक लावून होते. भोवतीचे लोक गप्प, अगदी त्या कॅफेतल्यासारखे. आज गेली तर ती रेकॉर्ड कुराता-सानच्या शेजारच्याच दुकानात वाजणार, आणि हिला भिंतीला कान लावून ऐकावी लागणार.

"जान, केन, पोन!" विक्रेत्यानं हात काढायची हाक दिली.

तिची मूठच निघाली. दगड.

कुराता-सानची दोन बोटं पुढे आली. कात्री.

"मुद्दाम हरलात ना?" गल्लीनं नंतर त्यांना छेडलं.

"कसला मुद्दाम!" ते कळवळले. "ती दगड काढणार, म्हणून मी कागद. ते ओळखून ती कात्री, म्हणून मी दगड. तेही ओळखून ती कागद... म्हणून कात्री काढली! बाईनं विचारच केला नाही हो!"

पुढच्या सोमवारी ते टोपी हातात धरून हिसानोच्या दुकानाच्या दारात उभे राहिले. आत पिवळं कव्हर आरशापाशी उभं होतं.

"हिसानो-सान... एकदा ऐकू द्याल?"

तिनं रिकाम्या खुर्चीवरचा टॉवेल झटकला.

"बसा. दाढीही करून टाकते. पण रेकॉर्ड चालू असताना तोंड उघडलंत, तर वस्तरा घसरला म्हणून माझ्याकडे तक्रार आणायची नाही."