आमच्या गल्लीचे हात

ग्रामसभेत एखाद्या गल्लीचा विषय निघाला की त्या गल्लीतल्यांनी हात वर करायचे, ही आमच्या गावची जुनी रीत. एके काळी आमच्या गल्लीचे इतके हात वर व्हायचे की मोजणारा वैतागायचा. त्या दिवशी एकच हात वर झाला, आणि तो माझा होता.

मी निवृत्त शिक्षिका. गल्लीत अकरा घरं, त्यांतल्या दहांना कुलूप. कुणी आदिलाबादला कारकून, कुणी नांदेडला मास्तर, कुणी हैदराबादला. 'शिका, इथं कुजू नका,' म्हणत छडी घेऊन मीच त्यांच्या मागे लागले होते. गल्ली मीच रिकामी केली, आता बोंब कुणाच्या नावानं मारू?

विषय पाण्याचा होता. गल्लीचा व्हॉल्व्ह माझ्या दारासमोरच्या खड्ड्यात आहे. एक दिवसाआड सकाळी पाणीवाला यायचा, वाकून चाक फिरवायचा आणि हाक द्यायचा, "बाई, पानी सोडलं!" मी आतून म्हणायची, "ऐकलं रे." एका बाईसाठी अख्ख्या गल्लीला पाणी कशाला सोडायचं, बंद घरांचे नळ नुसते वाहतात, तेव्हा ही पाळीच बंद करू, असं पंचायतीचं म्हणणं.

मी उठले. आवाज वर्गातलाच निघाला. "घरपट्टी भरते मी. अन् चौदा एप्रिलच्या जयंतीले सारे घरी येतात, तवा त्याईले काय पाजू?"

आमचं गाव तेलंगणात, नेरडीगोंड्याहून येणाऱ्या पंचायतीच्या सेक्रेटरीला मराठी येत नाही. सरपंचबाईंनी त्याला तेलुगूत समजावलं. या सरपंचबाई माझ्याच विद्यार्थिनी, पाढे चुकले की रडायच्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, काऊन चिडून राह्यल्या? मागच्या गल्लीची लाइन तुमच्या परसाले लागूनच हाय. तितून तुमाले नळ देतो. रोज पानी येईन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी त्या हिशेबात चूक शोधली. सापडली नाही. पोरगी माझ्याकडून नीट शिकली होती.

पाणी नको, हाक हवी, हे मला म्हणायचं होतं. पण भरल्या सभेत ते बोलणार कसं? म्हातारीला वेड लागलं म्हणाले असते. मला रडू यायला लागलं, म्हणून मी खाली बसले. रजिस्टर आलं, सही केली.

आता परसात रोज नळ येतो, हंडे भरून वाहतात. पाणीवाला मागच्या गल्लीच्या तोंडाशीच चाक फिरवतो आणि तिथूनच पुढे जातो. माझ्या दारासमोरच्या खड्ड्यावर त्यांनी फरशी टाकली आहे.

परवा पुन्हा ग्रामसभा झाली. आमच्या गल्लीचं नाव कुणी घेतलंच नाही. मागच्या गल्लीतल्या गटाराचा विषय निघाला तेव्हा सरपंचबाई मला म्हणाल्या, "बाई, हात वर करा, तुमी आता तिकडच्याच." मी हात वर केला. तिथं बरेच हात होते, माझाही मोजला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले. समोर ती फरशी आणि दोन्ही बाजूंना कुलपं. मी मोठ्यानं म्हटलं, "बाई, पानी सोडलं!" थोडा वेळ थांबले. मग "ऐकलं रे" असंही मीच म्हटलं आणि दार लावून घेतलं.