तक्त्यातली कोरी चौकट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. केली त्या सरांनाही नाही. तुम्हाला सांगतेय — पण मान खाली घालून नाही, हे आधीच बजावून ठेवते.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात जन्मजात बहिरेपणावर संशोधन करत होते. गर्भात कान आणि मेंदू एकमेकांना कसे जोडले जातात, आणि काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या का चुकतं — हा माझा विषय. घराणं शोधायला लांब कशाला जायचं? आमचंच होतं की! कळस गावी तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, थोरला मुलगा बहिरा. कऱ्हाटीला आत्याची धाकटी मुलगी तशीच. दोन्ही घरी मी रक्ताचे नमुने घेतले, चहा प्यायले आणि घराण्याचा तक्ता मांडला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल; बहिरं असेल तर काळं भरायचं.

त्याच उन्हाळ्यात तात्यांच्या सुमनचं आत्याच्या दशरथशी जमलं. मामाची मुलगी करणं आमच्यात नवं नाही. तरी तात्यांच्या मनात पाल चुकचुकली असावी. मला ओट्यावर बसवून म्हणाले, "तू एवढी शिकलेली हायस पोरी. दोन्ही घरात ह्ये हाय. फुडं लेकरांला काय हुईल का?"

होईलच असं नव्हतं, पण धोका मोठा होता — तक्त्यावर ढळढळीत दिसत होता. एवढं सांगायला किती वेळ लागला असता?

"अजून काही सांगता येत नाही, तात्या."

भ्याले म्हणून? नाही हो. भ्याले म्हटलं तर तुम्ही मला समजून घ्याल, आणि तेच मला नकोय. मला पुढची पिढी हवी होती. मुलगा की मुलगी ठाऊक नसताना काढतात तशी तिरपी, कोरी चौकट मी सुमन-दशरथच्या खाली पेन्सिलीने काढूनही ठेवली होती — लग्नाच्या आधीच!

सुमनची मुलगी बहिरी जन्मली. आज ती शिकलीय, माझ्यापेक्षा बरी माणूस आहे. म्हणून काही बिघडलं नाही असं मात्र म्हणू नका. ठरवायचं सुमनने होतं, ठरवलं मी. त्या तक्त्यावर लिहिलेल्या शोधनिबंधाने मला नोकरी दिली, नाव दिलं. त्यातली एकही ओळ खोटी नाही, आणि मी काहीही परत करणार नाही.

मुलगी वर्षाची झाल्यावर तिचंही रक्त घ्यायला गेले. सुमनने स्वतः तिचा दंड धरून ठेवला. "आक्का, तुला आदी म्हाईत हुतं व्हय?"

"नाही," म्हणाले आणि सुई टोचली. पुण्याला आल्यावर चौकट खोडली, तिथे शाईने गोल काढला आणि काळा भरला.