झिंग्यांची शिदोरी

सत्तरच्या दशकात थोरली लेक लग्न होऊन वारणानगरला गेली. माहेरी तिने काचेच्या टाकीत रंकाळ्यातले नखाएवढे झिंगे पाळले होते. सासरी तिचं मन रमेना. ओळखीचं काहीतरी जवळ असावं म्हणून जावईबापूंनी नवी टाकी आणून पाण्याने भरून ठेवली. झिंगे पोचवायचं काम मी अंगावर घेतलं. व्याह्यांसमोर मिरवायची संधी मी कधी सोडत नसे.

तयारी तर अशी, की लेकीच्या पाठवणीतही एवढी केली नव्हती. दुधाची किटली साबण न लावता घासली. पाणी टाकीतलंच घेतलं. झिंग्यांना धरायला पाणवेल सोडली, तोंडाला मलमल बांधली, बाहेरून ओला पंचा गुंडाळला. एसटीत शेजाऱ्याने डोकावून विचारलं, "पावणं, तांबडा रस्सा करणार काय?" मी असं बघितलं, की बिचारा मागच्या सीटवर जाऊन बसला.

वाटेत गाडी पंक्चर झाली. पोचेपर्यंत ऊन चढलं आणि किटलीला वास सुटला. पाणी गढूळ, झिंगे आडवे. लेकीने आत बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, निघताना खायाला घातलंसा काय?"

घातलं होतं. किटलीतच, उकडलेल्या अंड्याचा अख्खा बलक आणि वर भाकरीचा चुरा. आमच्या घरातून कोणी उपाशी प्रवासाला निघत नाही. झिंग्यांनीच काय घोडं मारलं होतं?

"परवासात उपाशीच ठेवायचं असतंय त्यास्नी," ती म्हणाली. "न्हायतर सगळी घाण त्याच पाण्यात हुतीया."

एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पाणवेलीला चिकटून एकच झिंगा जिवंत होता. तो तिने ओंजळीतून टाकीत सोडला आणि ती पाठ फिरवून उभी राहिली. ती रडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी परत निघालो, तशी तिच्या सासूबाईंनी मटणाचं ताट पुढे ठेवलं. "जेवल्याबिगर सोडणार न्हाय, पावणं."

लेक डोळे पुसत आली आणि तिने ताटच उचललं. "आत्ती, काय बी वाढू नगासा. बाबांस्नी एसटीनं जायाचं हाय."

सासूबाईंना काही कळेना. लेक मात्र खळखळून हसायला लागली. लग्नानंतर तिला असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मी ताट तिच्या हातातून ओढून घेतलं. भूक नव्हतीच, पण तिचं हसू थांबू नये म्हणून तिसरी भाकरीही मागून घेतली.