सुधाकरनं खोडलेलं शून्य

अकोल्याहून सुधाकरच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी भातकुलीत अंगणात बसून मेथीच्या जुड्या बांधत होते. "आत्या, बाबा गेले..." धाकटा भाऊ गेला, रडायला हवं होतं. पण तोंडून निघालं ते, "दुखलं तर नाही ना त्याले?" ती म्हणाली, "नाही आत्या, शांत होते." दीड महिना झाला, तो 'शांत' शब्द काही मला सोडत नाही.

सुधाकर गुरांचा डॉक्टर. अकोल्याला शिकत होता तेव्हा शेळ्यांवर त्याचं काम चाललं होतं. ऑपरेशन झाल्यावर शेपटीच्या वर, पाठीच्या कण्यात द्यायची दोन औषधं. कोणत्यानं दुखणं जास्त वेळ थांबतं ते बघायचं. एकानं मागचे पाय लुळे पडत, पण त्याचा असर लवकर उतरे. दुसरं टिके, पण त्यानं शेळी गुंगून जाई. आता मुकं जनावर सांगणार कसं? मग हा थोड्या थोड्या वेळानं मांडीला सुई टोचून बघायचा, पाय ओढते का, ओरडते का, आणि शून्य ते तीन असा आकडा वहीत मांडायचा. शून्य म्हणजे काही दुखत नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते त्याच्याच जुन्या पुस्तकांवर. शेळ्या मात्र लहानपणापासून राखलेल्या. एकदा डबा घेऊन गेले, तर हा एका काळ्या शेळीपुढं खूश होऊन बसलेला. "पाह्य ना ताई, कशी निवांत आहे. शून्य!"

मी तिच्या जबड्याला कान लावला. "कायची निवांत, बैताडा? दात खाऊन राह्यली! भूक लागली तं शेळी ओरडते, लई दुखलं का गप होते."

"तू शिकवून राह्यली का मले?"

"मंग कोण शिकवीन? तुह्या पुस्तकात शेळी बोलते काय?"

हसला खूप. पण शून्य खोडून दोन केलं, आणि बाजूला लिहिलं : 'गुंगी वेगळी, आराम वेगळा. जबडा पाहणे.' पुढं मूर्तिजापूरकडं दवाखान्यात होता तेव्हाही, जनावर आलं की आधी त्याच्या जबड्यावर हात ठेवायचा. लोक हसत, डॉक्टर लाड करून राह्यला म्हणत.

शेवटी त्यालाच कॅन्सर झाला, तो हाडांत उतरला, आणि दवाखान्यात त्याच्याच पाठीत औषधाची बारीक नळी घातली. शेवटच्या भेटीत मी उशाशी बसले होते. नर्सबाईंनी विचारलं, "काका, किती दुखते? शून्य ते दहात सांगा." हा डोळे मिटून गप्प. मीच म्हटलं, "झोपला हो, आराम आहे त्याले." त्यांनी शून्य लिहिलं आणि त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. मला पाच वाजताची एसटी धरायची होती. उठताना त्याच्या गालावर हात ठेवला... जबडा आतल्या आत करकरत होता.

कळलं मला. नाही कळलं असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण वाटलं, आता कागदावर लिहून झालं, परत कुठं हाक मारायची, आपण बाई चौथी शिकलेली... आणि मी पिशवी उचलली.

त्याच्या सुनेनं शेळ्यांची ती वही मला दिली आहे. त्या पानावर खोडलेलं शून्य अजून स्वच्छ दिसतं. सांजेला शेळ्या बांधल्या की मी एकेकीच्या जबड्यावर हात ठेवते. माझ्याकडून त्यानं उचललेली सवय, परत माझ्याकडं आली. हात ठेवते, आणि उचलायची घाई करत नाही.