रोह्याच्या काचेवर पेणचा परवाना

पेण ते रोहा, काच पुसावी तर मीच. एका बँकेची तर अशी लख्ख पुसली, की काच हाय ते मीच विसरलो आन् कपाळ आपटून घेतलं. मंग कपाळाचा डाग पुसायला परत बादली भरली.

तर असा मी कारागीर. आन् माझ्या पोटावर पाय कोण देतो? कोण बी! ज्याला दोन घटका काम नाय, तो फडका घेतो. वॉचमन पुसतो, दूधवाला पुसतो. अरे, मी नगरपालिकेत खेपा घालघालून परवाना काढलाय! शाळेचं तोंड कधी बघितलं नाय, त्यामुळं त्यात काय लिवलंय ते देवाला ठाऊक. पण गोल शिक्का दिसला, तसा लॅमिनेशन करून गळ्यातच घातला. बायको म्हणाली, "प्रदर्शनातला बैल दिसताय."

रोह्यात साड्यांचं एक दुकान हाय, पुढं अख्खी काच. दर गुरवारी मी एसटीनं जायचो, लांब दांड्याचा वायपर उभा धरून. रोह्यात माझं गिऱ्हाईक तेवढं एकच. ते गेलं की रोहा गेलं.

एका गुरवारी पोचतो तर समोरच्या स्टँडवरचा रिक्षावाला काच पुसतोय. रिक्षाच्याच फडक्यानं! माझं टाळकंच फिरलं.

"ए भाऊ, परवाना हाय का?"

"हाय की. लायसन हाय, बॅज हाय, परमिट हाय. कुठला दाखवू?"

"काच पुसायचा!"

"तो नाय बा."

आरडाओरडा ऐकून दुकानाची मालकीण बाहेर आली. मी काचेवर हात थापटून तिला सांगायला लागलो, "ताई, हा चोरधंदा हाय! मी ह्याच्या स्टँडवर उभं राहून शिटा भरल्या तर चालंल ह्याला? मला सरकारी शिक्का हाय!"

रिक्षावाल्यानं माझ्या गळ्यातला परवाना हातात धरला. दोरी आखूड, म्हणून मला बी त्याच्यापुढं वाकावं लागलं. त्यानं सावकाश वाचलं.

"काका, पेण नगरपालिका हद्दीपुरता, असं लिवलंय."

"मंग?"

"मंग काय! मी पेणच्या स्टँडवर रिक्षा लावली तर तिथले मला ठेवतील का? रोह्यात तुमी बी बिनपरवान्याचेच."

माझा संताप आणखीनच चढला. कुणावर चढला ते इचारू नका. "ही काच मला ओळखती!" म्हणत मी परत हात थापटला, आन् तो तिथंच ठेवून मालकिणीला इचारलं, "ताई, तुमीच सांगा, पुढल्या गुरवारी कोण पुसणार?"

ती माझ्याकडं बघतच नव्हती, काचेकडं बघत होती.

"काका, त्यानं पुसली, तुमी मळवली. आता हात काढा."