गावदेवीपुढचा मलावीचा हापूस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही, आणि तिला तर माझ्या खिशातल्या विडीचाही पत्ता असतो.

आमचं गाव राजापूरच्या बाजूला. हंगामातला पहिला पिकलेला आंबा आम्ही गावदेवीपुढे ठेवतो. ज्याचा आंबा पहिला, त्याचा शिमग्यात पालखीला पहिला खांदा. हा मान बहुतेक साली शेजारच्या सदाभाऊंचा. त्यात चिडण्यासारखं काय? पण मी चिडायचो. आमच्या बागांच्या मध्ये एकच दगडी गडगा – मग त्यांचीच कलमं आधी कशी पिकतात?

एका डिसेंबरात पेट्यांचं बोलायला वाशीला दलालाकडे गेलो. बघतो तर हापूस! आफ्रिकेतल्या मलावीहून विमानाने आलेला. मूळ कलमं आपल्याच कोकणातून गेलेली, म्हणे. म्हणजे माहेरवाशीणच की – नाही का? एसटीत बसेपर्यंत मी स्वतःला हे पटवलंसुद्धा. वाटेत, विकत घेतलेल्या एका आंब्यावरचा स्टिकर नखाने खरवडून काढला.

देवळात गुरवाच्या बोटाला चिकट लागलं. त्याने आंबा धोतराला पुसला. "चीक हाय, ताजा काढलेला," म्हणाला. हसू दाबून माझं पोट दुखलं. सदाभाऊंनी प्रसादाची फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. "आपल्या कातळाशिवाय ही चव येयाची नाय रे!"

शिमग्यात पहिला खांदा माझा. सदाभाऊ माझ्यापुढे झांजा वाजवत नाचले. खरं सांगतो – मजा आली. लाज? ती मागून आली.

पावसाच्या तोंडावर सदाभाऊ गडगा ओलांडून आले. त्या लवकर पिकलेल्या झाडाची काडी हवी होती, कलम बांधायला. तेव्हा सांगता आलं असतं – चहा पिता पिता, हसत. मी काय केलं? समोर दिसलं त्या झाडाची काडी कापून दिली.

ते कलम आता त्यांच्या दारात डोक्याच्या वर गेलंय. दर डिसेंबरात सदाभाऊ त्याच्याखाली मान वर करून उभे असतात. मोहोर येतो तो बाकीच्या झाडांबरोबरच. "तुझ्या झाडाचा दोष नाय रे, माझ्याच हाताला गुण नाय," ते म्हणतात – अख्ख्या गावाला कलमं बांधून दिलेला माणूस.

आणि मी गडग्याच्या अलीकडून म्हणतो, "पुढल्या साली धरेल, सदाभाऊ."

परवाही म्हणालो.