खिरेश्वरीचा काळा आवा

खिरेश्वरी रोज सकाळी काठावर उभी राही आणि लुइतला शिव्या देई. ब्रह्मपुत्राला आम्ही माजुली बेटावरची माणसे लुइत म्हणतो, बाप मानतो, त्याच्या पाण्याला हात जोडूनच नावेत पाऊल ठेवतो. ही मात्र पदर खोचून विचारी, "काय रे म्हाताऱ्या, भरलं का पोट? काल सुपारीची बाग गिळलीस, आज काय आमची चूल पाहिजे?"

तिचा नवरा थोगीराम याच पाण्यात नावेसकट गेला होता. नावेत मडकी होती, मडक्यांच्या बदल्यात मिळालेले धान होते. त्या दिवसापासून तिने लुइतला नमस्कार केला नाही आणि त्याचा काठही सोडला नाही.

थोड्या अंतरावर तिचे थोरले दीर देहीराम पानसुपारी चघळत बसलेले असत. कुमारचुक या कुंभारवस्तीचे ते प्रमुख. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचे नाही, त्यांच्या सावलीलाही शिवायचे नाही, ही आमच्याकडची रीत. लग्न होऊन आल्यापासून खिरेश्वरीने त्यांना उद्देशून एक अक्षर उच्चारले नव्हते. सांगायचे ते ती लुइतला सांगे. लेकी बोले सुने लागे! "म्हाताऱ्या, मीठ संपलंय रे," असे तिने पाण्याला ऐकवले की संध्याकाळी तिच्या ओसरीवर मीठ पोचे.

मी जवळच्या सत्रातला भकत. बालपणीच आईवडिलांनी गुरुचरणी वाहिलेला, मठाच्या अंगणात नाम गात वाढलेला. रासपौर्णिमेला नामघरात, आमच्या प्रार्थनामंडपात, लागणाऱ्या पणत्या कुमारचुकच्या आव्यातूनच, म्हणजे कुंभारभट्टीतूनच, येतात, आणि त्या आणण्याची सेवा माझ्याकडे आहे. म्हणून हे घर मला ठाऊक, आणि हे भांडणही.

कुमारचुकात चाक नाही. बाया मातीचा गोळा लाकडी थाळीवर ठेवतात, थाळी पायाच्या अंगठ्याने फिरवतात आणि थापीने थोपटून मडके उभे करतात. माती खणणे आणि आवा पेटवणे हे मात्र पुरुषांचे काम. बाईने घडवावे, पुरुषाने भाजावे. आव्याच्या तोंडात बाईचा हात कधी गेला नव्हता. भाजलेली भांडी नावेत भरायची, वरच्या अंगाच्या गावांत न्यायची, त्यांच्या बदल्यात धान आणायचे. त्या धानावर हिवाळा निघायचा.

त्या कार्तिकात आवा रचून तयार होता, सगळ्या वस्तीची भांडी त्यात होती. पुरुषमंडळी सरपण आणायला पैलतीरी गेली होती. आणि, बायांनी मला नंतर सांगितले तसे, दुपारी काठाला भेग पडली. आव्यापासून हातभर अंतरावर.

बाया धावल्या. शेजारची निरोला रडायलाच लागली. "बायदेव, ताई गं, कच्ची मडकी पाण्यात गेली तर पुन्हा चिखल! पोरांना काय घालू?"

"रडून काठ थांबतो होय?" खिरेश्वरी म्हणाली. "भाजलेलं मडकं बुडालं तरी मडकंच राहतं. आण विस्तव."

"अगं, पण आपण? बायकांनी?"

"मग काय, पुरुष येईपर्यंत लुइतला पान खायला बसवू? आण म्हणते ना!"

आव्याचे तोंड नेहमी नदीकडे असे. तो भाग ढासळू लागला होता, म्हणून तिने मागच्या अंगाने, जमिनीकडून तोंड फोडले आणि आग लावली. बायांनी घरातले सरपण आणले, कुंपणाचे बांबू उपसले, मोडक्या नावेच्या फळ्या आणल्या. कोणी तरी नाम धरले. टाळ्यांचा ठेका सुरू झाला. समोर आग, पाठीशी नदी, ओठांवर हरी! अहो, याहून मोठे मंदिर ते कोणते? अधूनमधून खिरेश्वरी टाळी थांबवून मागे वळे आणि ओरडे, "ये ना म्हाताऱ्या, ये! नवरा नेलास तेव्हा मी झोपले होते. आज जागी आहे!"

भांडी भाजेपर्यंत काठ टिकला. आग विझली. बायांनी लांब बांबूंनी ऊन ऊन भांडी ओढून काढली, आणि शेवटचा हंडा बाहेर आला न आला तोच आव्याचे अर्धे अंग धडाडून पाण्यात गेले.

पण भांडी पाहून निरोलाचा चेहरा उतरला. वारा नदीकडून होता. तोंड उलट बाजूला काढल्याने धूर आतच फिरला होता. प्रत्येक मडक्याची एक कूस लाल, दुसरी काळी कुळकुळीत. पणत्यांचीही तीच गत.

पणत्या न्यायला मी पोचलो त्याच वेळी पुरुषांच्या नावा लागल्या. देहीराम उतरले, मोडका आवा पाहिला, काळी भांडी पाहिली. सारे कळले.

"बाईच्या हातचा आवा," ते मला म्हणाले, पण ऐकवायचे कोणाला ते उघड होते. "भकतबाबा, ही भांडी माझ्या नावेत चढणार नाहीत. अशा काळ्या तोंडाच्या भांड्यांना धान कोण देईल? आणि या पणत्या नामघरात? छे! रीत म्हणून काही आहे की नाही?"

पुरुष खाली पाहू लागले. बाया भिंतीला टेकल्या. अवघा हिवाळा त्या एका वाक्यावर लोंबकळत होता.

सवयीने खिरेश्वरी नदीकडे वळली. तोंड उघडले. मग मिटले. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, एक पणती उचलली आणि सरळ देहीरामांसमोर येऊन उभी राहिली.

"भावजी."

सगळे चमकले. तो शब्द आजवर कोणी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"रासाच्या खेळात तुमचा गोरापान नातू देव होतो. त्याला तुम्ही स्वतःच्या हातांनी काळानिळा रंग फासता आणि मग सगळ्यांच्या आधी त्याच्या पाया पडता. फासलेला काळा चालतो, आणि अग्नीने दिलेला काळा चालत नाही? रीत बुडली म्हणता. मडकी बुडली असती तर पोरांच्या पानात रीत वाढली असती का? चढवा भांडी. नाही तर तुमच्या भावाची वल्ही अजून माझ्या घरात आहेत. मी नेते."

मग निरोला फिसकन हसली, आणि ते हसू आवरेना.

मी पुढे झालो, खिरेश्वरीच्या हातातली पणती घेतली आणि कपाळाला लावली. सत्राच्या पाटीत पहिली तीच ठेवली.

देहीरामांनी एक मडके उचलले, काळ्या कुशीवर बोटाने टिचकी मारली, कान लावला. मडके खणखणीत वाजले. मग खिरेश्वरीकडे न बघता नदीकडे तोंड करून म्हणाले, "लुइतबाबा, सांग तिला. पुढच्या खेपेला आव्याचं तोंड वाऱ्याकडे ठेव म्हणावं."

खिरेश्वरी पहिले मडके घेऊन नावेकडे निघाली होती. वळून म्हणाली, "तो म्हातारा कशाला मध्ये? मी इथंच उभी आहे. मलाच सांगा."